माइसेन की ड्रेस्डेन? आधी फुलदाणी उलटी करा

जुन्या जर्मन फुलदाण्यांच्या लिस्टिंगमध्ये बरेच सेलर "अँटिक ड्रेस्डेन माइसेन व्हास, हँडपेंटेड" असं बिनधास्त ठोकून देतात, आणि नवीन माणसाला वाटतं दोन-दोन नावं आहेत म्हणजे माल भारीच असणार. तसं काही नाही हो. माइसेन हा पोर्सिलीनचा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा, एक कारखाना आहे आणि ड्रेस्डेन म्हणजे त्याच्या शेजारच्या शहरातली पेंटिंग करणारी ढीगभर वर्कशॉप्स.

माइसेनची गोष्ट भन्नाट आहे. बोटगर नावाच्या किमयागाराला जर्मनीतल्या सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या ऑगस्टस राजाने सोनं बनवून दे म्हणून डांबून ठेवलेलं, सोनं काही झालं नाही पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर खटपट करता करता १७०८ च्या सुमारास चिनी लोकांसारखं कडक पोर्सिलीन जमलं, मग १७१० मध्ये राजाने कारखानाच काढला, तोही माइसेनच्या किल्ल्यात. माती मळण्यापासून रंगवण्यापर्यंत सगळं एकाच ठिकाणी.

ड्रेस्डेन तिथून जेमतेम २५ किलोमीटर. तिथल्या वर्कशॉप्सचा जोर १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि त्यातली बहुतेक पोर्सिलीन बनवतच नव्हती, कोरा पांढरा माल विकत घ्यायचा (कधीकधी चक्क माइसेनचाच) आणि त्यावर फुलं, बागेतली प्रेमी जोडपी, सोनेरी काठ रंगवायचे. ड्रेस्डेनजवळच्या पोटशापेलचा कार्ल थीमे मात्र स्वतः पोर्सिलीन बनवायचा. घोळ वाढवला इंग्रजांनी, ते माइसेनच्या मालालाही ड्रेस्डेनच म्हणायचे.

आता तळ बघा. माइसेनची खूण म्हणजे एकमेकांवर आडव्या दोन तलवारी, निळ्या, ग्लेझच्या (वरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या) खाली काढलेल्या, त्यामुळे नख फिरवलं तरी हाताला काही लागत नाही. खूण वर उठून आलेली वाटली तर सावध व्हा. तलवारींवर घासून मारलेली रेघ असेल तर पीस दुय्यम दर्जाचा असतो किंवा कोरा विकलेला, म्हणजे माती माइसेनची पण रंगकाम बाहेरचं असू शकतं, आणि सेलर नेमकं हेच सांगत नाही! शिवाय तलवारींची नक्कल इतक्या कारखान्यांनी केलीय की नुसत्या खुणेवर पैसे टाकू नका.

ड्रेस्डेनच्या तळावर सहसा मुकुट असतो. १८८३ मध्ये चार वर्कशॉप्सनी मिळून मुकुट आणि खाली ड्रेस्डेन अशी खूण रजिस्टर केली. हेलेना वोल्फझोनचं वर्कशॉप त्याआधी थेट ऑगस्टस राजाचा गुंफलेला एआर (ऑगस्टस रेक्स, म्हणजे ऑगस्टस राजा) मोनोग्राम मारायचं, माइसेनने कोर्टात खेचल्यावर ते बंद झालं. म्हणून एआर दिसला की लगेच १८व्या शतकातला शाही पीस समजून नाचू नका, वोल्फझोनकडचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. खुणेसोबत "जर्मनी" लिहिलेलं असेल तर पीस साधारण १८९० नंतरचा, कारण अमेरिकेत माल पाठवायला देशाचं नाव टाकावं लागायला लागलं.

हँडपेंटेड आहे का हे मात्र तळ सांगत नाही, त्याला भिंग लागतं. पाकळीवर एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापील स्टिकरचं काम, ब्रशचा फटकारा कुठे जाड कुठे पातळ दिसला तर हाताचं.

मला विचाराल तर चांगलं रंगवलेलं ड्रेस्डेन मी आनंदाने घेईन, ते काही नकली नाही, फक्त माइसेनच्या भावात घेणार नाही.