सामन्याचा सातबारा कोणाच्या नावावर? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या फाटाफुटीची पार्श्वभूमी

२५ ऑक्टोबर २०२४च्या शुक्रवारी न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजले, तेव्हा रटगर्स विद्यापीठाचा फुटबॉल सामना सुरू झाला. सामना लॉस एंजेलिसमध्ये होता आणि तिथे आठच वाजले होते. समोर होतं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूएससी. दोन्ही विद्यापीठं बिग टेन या एकाच कॉन्फरन्सची, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एकाच गटाची, आणि दोघांमधलं अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. रटगर्सच्या आसपास, एडिसन-पिस्काटवेच्या पट्ट्यात, मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथल्या मुलांना आपल्याच कॉलेजचा सामना बघायला मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागलं, आणि त्याच वेळी पुण्यात शनिवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते.

असं का झालं, याचं उत्तर बहुतेक जण ‘पैसा’ या एका शब्दात देतात. पण पैसा या खेळात शंभर वर्षांपासून आहे. गेल्या चाळीस वर्षांत हात बदलला तो सामन्याच्या प्रक्षेपणाच्या मालकीने. ती कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या कागदावर गेली आणि त्या कागदाची मुदत कधी संपत होती, हे बघितलं की आजची सगळी फाटाफूट, म्हणजे विद्यापीठांचं जुनी कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाणं, समोर मांडल्यासारखी दिसते.

सुरुवात शेजाराची होती. १८९६ साली मध्य-पश्चिमेतल्या सात विद्यापीठांनी जी मोट बांधली, तीच पुढे बिग टेन झाली. डिसेंबर १९१५मध्ये पोर्टलंडला चार विद्यापीठं एकत्र आली आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स उभी राहिली, तीच पुढची पॅक-ट्वेल्व्ह. त्या चारांपैकी एक होतं ओरेगनचं कृषी महाविद्यालय, आजचं ओरेगन स्टेट. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे. १९३२ साली आग्नेयेकडच्या तेरा विद्यापीठांनी जुन्या घरातून वेगळं होऊन साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, काढली. आगगाडीने जाऊन यायचं, तेच पाच-सात संघ दरवर्षी भेटायचे, त्यातून पिढ्यानपिढ्यांची चुरस मुरायची. कॉन्फरन्सला शब्द असतो तर तो ‘पंचक्रोशी’ असता.

नावांचा गोंधळ मात्र तेव्हापासूनचाच. पेन स्टेटला १९९० साली घेतल्यावर बिग टेनमध्ये अकरा विद्यापीठं झाली. नाव बदलायला कोणी तयार नव्हतं, म्हणून बोधचिन्हातल्या ‘टेन’ या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत अकराचा आकडा लपवला गेला. नुसतं बघून तो दिसत नाही. ‘टी’ अक्षराच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या फटी नीट बघाव्या लागतात. पुढे काही हंगाम तर असे आले की बिग टेनमध्ये बारा संघ होते आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये दहा. आज हे आकडे अठरा आणि सोळा आहेत. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत.

खरी गोष्ट टीव्हीपासून सुरू होते. घरबसल्या सामना दिसला तर मैदानावर कोण येणार, या भीतीपोटी १९५१पासून कॉलेज खेळांच्या शिखर संस्थेने, म्हणजे एनसीएएने, प्रक्षेपणावर नियंत्रण आणलं. कोणाचे किती सामने दाखवायचे, हे तीच ठरवायची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याच वर्षी आपले घरचे सगळे सामने दाखवणार असं जाहीर केलं. संस्थेने त्याला बेशिस्त सदस्य ठरवलं, ठरलेल्या चार प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याशी खेळायला नकार दिला आणि विद्यापीठाने माघार घेतली. वाळीत टाकण्याचा धाक पुढची तीस वर्षं पुरला.

१९८१च्या एका शनिवार-रविवारचं उदाहरण पुढे न्यायालयातही आलं. ओक्लाहोमा आणि यूएससी, देशातल्या पहिल्या पाचांतले दोन संघ, समोरासमोर होते. तो सामना दोनशेहून जास्त टीव्ही केंद्रांवर दिसला. त्याच वेळी सिटाडेल आणि अॅपलेशियन स्टेट या छोट्या संघांचा सामना फक्त चार केंद्रांवर दिसला. चारही संघांना सारखेच पैसे मिळाले. मोठ्यांना हा अन्याय वाटला, आणि हिशेबाच्या वहीत तो तसा दिसतोही. मला त्यात दुसरंही काही दिसतं: खेळ सगळ्यांचा आहे, अशी एक समजूत. ती पुन्हा परत आली नाही.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या खटल्याचा निकाल जून १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा दिला. शिखर संस्थेचं नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही आणि सामना विकण्याचा हक्क विद्यापीठांचा आहे, असं ठरलं. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्वतः कॉलेजच्या दिवसांत देशभर गाजलेले फुटबॉलपटू होते. शिक्षणाशी बांधलेल्या हौशी खेळाला निव्वळ धंद्याच्या मापाने मोजू नये, असा त्यांचा रोख होता. तो निकाल आजही वाचला की त्यांची काळजी किती खरी होती हे जाणवतं.

निकालानंतर लगेच पैशांचा पाऊस पडला नाही. उलट बाजारात एकदम इतके सामने आले की भाव उतरले. तेव्हा विद्यापीठांना कळलं की एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलेलं बरं, आणि शेजारधर्मासाठी जन्मलेली कॉन्फरन्स विक्री संघ बनली. ज्या कॉन्फरन्सकडे जास्त मोठी शहरं आणि जास्त नावाजलेले संघ, तिचा भाव जास्त. एसईसीने अर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायनाला घेऊन बारा केले ते नियमातली एक पळवाट वापरायला: बारा सदस्य आणि दोन विभाग असले की विजेतेपदाचा एक जादा सामना खेळता येत होता. पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॉलेजांच्या कॉन्फरन्ससाठी केलेला हा नियम डिसेंबर १९९२मध्ये बर्मिंगहॅमच्या मैदानावर कोट्यवधींचा ठरला. अर्कान्सॉ गेल्यावर टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ साली मोडीत निघाली आणि तिच्यातल्या चौघांनी बिग एटमध्ये जाऊन बिग ट्वेल्व्ह केली. ईशान्येकडची बिग ईस्टही पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत अशीच विरत गेली.

आता तो शब्द, ज्यावरून सगळे वाद झाले: ‘ग्रँट ऑफ राइट्स’. याचं भाषांतर ‘हक्कदान’ असं करतात, पण दान यात कुठेच नाही. विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सला लिहून देतं. सामना तुमच्या मैदानावर होतो, खेळाडू तुमचे, बँड तुमचा, पण त्या सामन्याच्या सातबाऱ्यावर नाव कॉन्फरन्सचं. यातली मेख अशी की विद्यापीठ कॉन्फरन्स सोडून गेलं तरी मुदत संपेपर्यंत सातबारा मागेच राहतो. नव्या घरी जाताना रिकाम्या हाताने जावं लागतं, मग तुम्हाला कोण घेणार?

अनेक जण हा करार आणि ‘एक्झिट फी’, म्हणजे बाहेर पडण्याचा दंड, यांत गल्लत करतात. दंड ही रक्कम असते आणि रकमेवर घासाघीस होते. मेरीलँडने २०१२मध्ये एसीसी सोडायचं ठरवलं तेव्हा दंड ५ कोटी २० लाख डॉलरच्या वर होता. अखेर तडजोड सव्वातीन कोटींच्या आत झाली. या अनुभवानंतर एसीसीने २०१३मध्ये सदस्यांकडून हक्कच लिहून घेतले आणि २०१६मध्ये त्याची मुदत २०३६पर्यंत वाढवली. नेब्रास्का, कोलोरॅडो, मिझुरी आणि टेक्सास ए अँड एम निघून गेल्यावर बिग ट्वेल्व्हनेही २०२५पर्यंतची लिखापढी करून घेतली होती.

या मुदती शेजारी शेजारी मांडून बघा. बिग ट्वेल्व्हमधल्या टेक्सास आणि ओक्लाहोमाला एसईसीत एक वर्ष आधी, २०२४मध्येच जायचं होतं, म्हणून दोघांना मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले. एसीसीतल्या फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला २०३६पर्यंत थांबवेना, म्हणून त्यांनी कोर्टाची पायरी चढली; मार्च २०२५च्या तडजोडीत प्रेक्षकसंख्येनुसार जादा वाटा आणि दरवर्षी उतरत जाणारा दंड पदरात पडला. आणि पॅक-ट्वेल्व्हची मुदत? ती २०२४च्या उन्हाळ्यात आपोआप संपत होती.

पॅक-ट्वेल्व्हने २०११मध्ये बारा वर्षांसाठी सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला तेव्हा तो सर्वांत मोठा होता. त्याच जोरावर तिने स्वतःच्या मालकीच्या वाहिन्या काढल्या, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. भागीदार घेतला नाही. मोठ्या उपग्रह सेवेशी कधी जमलं नाही, त्यामुळे देशातल्या कितीतरी घरांत त्या वाहिन्या पोचल्याच नाहीत. ३० जून २०२२ला यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनला जायचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. उरलेल्या दहांनी आलेला एक देकार कमी म्हणून परत पाठवला, आणि मग दुसरा तसा आलाच नाही. जुलै २०२३च्या अखेरीस कोलोरॅडो निघून गेलं.

४ ऑगस्ट २०२३च्या शुक्रवारी सकाळी उरलेल्या नवांसमोर एका तंत्रज्ञान कंपनीचा प्रस्ताव होता. सामने मुख्यतः इंटरनेटवरून दाखवायचे, हमीची रक्कम बेताची, वर्गणीदार वाढले तर वाटा वाढणार. त्या सकाळी हक्कांच्या कागदावर सह्या होतील अशी अपेक्षा होती. सह्या झाल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये होते, तेही पूर्ण वाट्याहून बऱ्याच कमी पैशांवर. अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीही एसीसीत गेल्या, सात वर्षं अर्ध्याहूनही कमी वाटा घेण्याच्या अटीवर.

मागे दोघे राहिले: वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. १९१५च्या त्या चार संस्थापकांपैकी तिघांनी घर सोडलं आणि दिवा लावायला एकटं कृषी महाविद्यालय उरलं. या दोघांनी काय चूक केली, असं कोणी विचारलं तर मला उत्तर सापडत नाही. ओरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन ही लहान गावं आहेत. पुलमनच्या चहूबाजूंना गव्हाच्या टेकड्या पसरलेल्या, आणि गावाचं अर्थकारण हंगामातल्या सहा-सात शनिवारांवर बरंच उभं. टीव्हीची बाजारपेठ म्हणून त्यांना किंमत नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

पण दोघं गप्प बसले नाहीत. पुलमनपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कोलफॅक्स गावातल्या काउंटी न्यायालयात त्यांनी दावा लावला. मुद्दा एका वाक्याचा होता: कॉन्फरन्सच्या घटनेप्रमाणे, बाहेर पडण्याची सूचना देणाऱ्या सदस्याची संचालक मंडळातली जागा जाते. जाणारे दहा म्हणत होते की आम्ही अजून वर्षभर खेळणार आहोत, आमचं मत शाबूत आहे. पण यूएससी आणि यूसीएलएने जायचं जाहीर केल्यावर त्यांना मंडळातून बाहेर बसवलं होतं ते याच उरलेल्यांनी. दुसऱ्याला लावलेला न्याय स्वतःलाही लागतो, असं न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३मध्ये सांगितलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. दोघांच्या हाती कॉन्फरन्सचं नाव राहिलं, शिल्लक राहिली आणि देणीही राहिली.

त्याच सप्टेंबरात पुलमनला हे दोन संघ एकमेकांविरुद्ध खेळले होते. वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ असा सामना जिंकला. दोन्हीकडच्या प्रेक्षकांचं दुःख त्या दिवशी एकच होतं.

खेळाडूंच्या बाजूनेही याच काळात जमीन सरकत होती. जुलै २०२१पासून त्यांना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं, आणि जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. हा हक्क फार उशिरा मिळाला. पण टीव्हीचा मोठा वाटा ज्यांच्याकडे नाही, त्यांना ही रक्कम उभी करणंच जड जातं, त्यामुळे मोठ्या कॉन्फरन्सकडे ओढा आणखी वाढला. प्रवासाची झळ बसते ती व्हॉलीबॉल-सॉफ्टबॉलच्या मुलींना. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा विमानात बसतो, यांचे सामने अधल्यामधल्या वारीही असतात आणि परीक्षा चुकत नाहीत.

फेडरल न्यायालयात कोणाचे सदस्य पळवले, कोणी दंड भरायचा असे नवे वाद उभे असतानाच पॅक-ट्वेल्व्हची घडी पुन्हा बसवण्यात आली. बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट आले. गोंझागा आली, पण ती फुटबॉल खेळत नाही. मान्यतेसाठी फुटबॉल खेळणारे किमान आठ लागतात आणि मोजणी सातवर अडली होती. आठवी जागा जून २०२५मध्ये भरली ती टेक्सास स्टेटने. १ जुलै २०२६ ही नव्या पॅक-ट्वेल्व्हच्या आरंभाची तारीख ठरली.

बाकीच्या कागदांच्या मुदतीही जवळ येत आहेत. बिग टेनचा टीव्ही करार २०३०मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने. एसीसीतला उतरता दंड साडेसात कोटी डॉलरवर येऊन थांबतो तो २०३०-३१च्या हंगामात.