लाइनबॅकर म्हणजे नक्की कोण? कीकली आणि मिलर यांची गोष्ट

७ फेब्रुवारी २०१६. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारामध्ये पन्नासावा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, सुरू झाला तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट होती, पाच वाजलेले. कॅरोलायना पँथर्सच्या संघात होता ल्यूक कीकली, पाठीवर ५९ आकडा. डेन्व्हर ब्राँकोजकडे व्हॉन मिलर, पाठीवर ५८. दोघंही सहा फूट तीन इंच उंच, वजनात जेमतेम पाच किलोंचा फरक. संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०११च्या ड्राफ्टमध्ये मिलर दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, कीकली २०१२च्या ड्राफ्टमध्ये नवव्या. बचावातल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार २०११ साली मिलरला मिळाला आणि पुढच्याच वर्षी कीकलीला. आणि दोघांच्या नावापुढे जागा एकच लिहिलेली: लाइनबॅकर.

हा खेळ नव्याने बघायला लागलेला माणूस इथेच गोंधळतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. शब्द एक असला तरी कामं दोन आहेत. रोजचा सराव वेगळा, पगार वेगळा, शरीराची झीज वेगळी, म्हातारपणही वेगळं. मला हा खेळ आवडायला लागला तो हा फरक कळल्यावरच, म्हणून तो नीट सांगावासा वाटतो.

आधी मैदानाची मांडणी. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न स्नॅपने सुरू होतो: मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, तो चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात जातो, आणि पुढचे काही सेकंद सगळं मैदान उसळतं. बचावाचे अकरा जण ढोबळमानाने तीन थरांत उभे असतात. सर्वात पुढे, जमिनीला हात टेकून बसलेले धिप्पाड लाइनमन. सर्वात मागे, पळणाऱ्यांवर नजर ठेवणारे हलके, वेगवान खेळाडू. मधल्या थरात, म्हणजे लाइनच्या मागे, लाइनबॅकर.

कीकली खरोखर तिथेच उभा असायचा. लाइनपासून चार-पाच यार्ड मागे, बरोबर मध्यभागी, गुडघे किंचित वाकवून. या जागेला तिथले लोक ‘माइक’ म्हणतात. मिलरकडे बघितलं तर तो मागे नसायचाच. तो लाइनच्या टोकाला, शेवटच्या माणसाच्याही एक पाऊल बाहेर, पुढे झुकून, डोळे चेंडूवर लावून तयार. पुढे तीन लाइनमन आणि मागे चार लाइनबॅकर अशा रचनेत टोकाच्या दोघांनाही लाइनबॅकरच म्हणायची पद्धत पडली, म्हणून मिलर लाइनबॅकर. त्याचं काम मात्र पळत जाऊन क्वार्टरबॅकला गाठायचं. आताशा या कामाला ‘एज रशर’ असं वेगळं नाव रुळलंय आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

माइकचं काम सांगायला वेळ लागतो, कारण त्यातलं बरंचसं स्नॅपच्या आधीच होऊन जातं. २००८पासून एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगमध्ये, बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. ज्याच्याकडे तो असतो त्याच्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका लावलेला दिसतो, आणि बहुतेक वेळा हा ठिपका माइकच्या डोक्यावर असतो. दोन प्रयत्नांमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालतं. कडेला उभ्या प्रशिक्षकाचा आवाज कानात येतो, कोणती रचना लावायची ते सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा आवाज बंद होतो. तोवर समोरचा संघ मांडणी बदलून मोकळा झालेला असतो. कोण कुठे सरकला, कोणाचा पाय जरा मागे आहे, चेंडू घेऊन पळणारा नेहमीपेक्षा हातभर रुंद उभा आहे का, हे सगळं त्या पंधरा सेकंदांत वाचायचं आणि दहा सहकाऱ्यांना ओरडून सांगायचं. हजारो प्रेक्षकांच्या कल्लोळात.

कीकली यात विलक्षण होता. प्रतिस्पर्ध्यांच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत तो इतक्या बारकाईने बघायचा, की त्यांचा डाव स्नॅपच्या आधीच ओरडून सांगायचा. जानेवारी २०१६मध्ये, सुपर बोलच्या वाटेवर, त्याने बाद फेरीच्या लागोपाठ दोन सामन्यांत क्वार्टरबॅकचा पास मध्येच पकडून थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. आधी सिएटलचा रसेल विल्सन, पुढच्या आठवड्यात ॲरिझोनाचा कार्सन पामर. दोघंही मुरलेले क्वार्टरबॅक. लाइनबॅकर तिथे असणारच नाही असं धरून त्यांनी चेंडू टाकला आणि कीकली आधीच तिथे पोचलेला होता. २०१३ साली, कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी, त्याला संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरवलं होतं ते उगीच नाही.

आता मिलर. त्याच्या हाताशी असतात अडीच-तीन सेकंद. चेंडू हलला की पहिलं पाऊल इतकं झपकन पडायला हवं, की समोरच्या दीडशे किलोच्या रक्षकाला मागे सरायला वेळच मिळू नये. मग मिलरची ओळखीची लकब: आतला खांदा जवळजवळ जमिनीपर्यंत झुकवायचा आणि तिरकं वळत त्या रक्षकाच्या हाताखालून निसटायचं, मोटारसायकलवाला वळणावर कलतो तसं. ते बघताना याचा घोटा कसा टिकतो असा प्रश्न पडतो.

त्या पहाटे हे दोनदा निर्णायक ठरलं. पहिल्या क्वार्टरमध्ये पँथर्सचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन आपल्याच गोलरेषेजवळ अडकला होता. मिलर टोकाकडून घुसला आणि न्यूटनला पाडायच्या आधी त्याच्या हातातला चेंडूच उपटला. चेंडू गडगडत गोलरेषेमागच्या एंडझोनमध्ये गेला, ब्राँकोजचा मलिक जॅक्सन त्यावर झेपावला, टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये १६–१० असा गुणफलक असताना पुन्हा तेच. न्यूटनचा हात मागे गेलेला, मिलरची थाप त्यावर, चेंडू मोकळा. या वेळी ब्राँकोजला तो गोलरेषेपासून चार यार्डांवर मिळाला आणि सामना तिथेच संपला. २४–१०. सामनावीर व्हॉन मिलर.

माझ्या मनात त्या सामन्याचा दुसरा एक आकडा जास्त घर करून आहे. जिंकलेल्या ब्राँकोजने अख्ख्या सामन्यात फक्त १९४ यार्ड मिळवले. तोवर सुपर बोल जिंकणाऱ्या कुठल्याही संघाने इतके कमी यार्ड मिळवले नव्हते. तिसऱ्या प्रयत्नावर चौदा वेळा संधी आली, त्यातली एकच साधली. ब्राँकोजच्या पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक समोर असताना ही कोंडी करणाऱ्या बचावाच्या मधोमध कीकली होता. म्हणजे कीकलीच्या बाजूने आपलं काम केलं, मिलरने आपलं केलं, आणि करंडक मिलरच्या हातात गेला. दोघं बचावपटू असल्यामुळे साठ मिनिटांत चालू खेळात ते एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत.

पैशाचा हिशेब इथूनच फुटतो. सप्टेंबर २०१५मध्ये कीकलीने पाच वर्षांचा करार केला, ६ कोटी १८ लाख डॉलरचा. जुलै २०१६मध्ये मिलरने सहा वर्षांचा केला, ११ कोटी ४५ लाख डॉलरचा, त्यातले ७ कोटी हमीचे. वर्षाची सरासरी काढली तर एकाला सव्वा कोटीच्या आसपास, दुसऱ्याला एक कोटी नव्वद लाखांच्या वर. दोघंही आपापल्या कामात तेव्हा अव्वल. मग ही दरी का? लीगमध्ये सर्वात महाग माणूस क्वार्टरबॅक, मग त्याला वाचवणारे महाग, आणि त्याला पाडणारेही महाग. शिवाय मिलरचं काम मोजता येतं. क्वार्टरबॅकला चेंडू टाकायच्या आत रेषेमागे पाडलं की एक सॅक, १९८२पासून त्याची अधिकृत नोंद होते. माइकच्या नावावर टॅकल जमा होतात, आणि टॅकल हा फार लबाड आकडा आहे. पळणाऱ्याला एका यार्डावर अडवलं तरी एक टॅकल, आठ यार्ड देऊन पाडलं तरीही एकच. आणि ओरडून सहकाऱ्याला दोन पावलं सरकवलं, त्यामुळे डावच फसला, तर ते कीकलीच्या खात्यात कुठेच लागत नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं.

नावाच्या या घोळाचे चटके खेळाडूंनाही बसले आहेत. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून वर्षभर अडवून ठेवू शकतो, आणि त्याची रक्कम त्या जागेवरच्या सर्वात महागड्या खेळाडूंच्या पगारावरून ठरते. २००८मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने टेरेल सग्सला लाइनबॅकर म्हणून टॅग लावला. सग्सचं म्हणणं, मी काम करतो ते डिफेन्सिव्ह एंडचं, म्हणजे टोकाच्या लाइनमनचं, मला त्या जागेची जास्त रक्कम द्या. शेवटी दोन्ही आकड्यांच्या मधली रक्कम धरून तडजोड झाली. २०१५च्या हंगामानंतर तर कहर झाला. ऑकलंड रेडर्सचा खलील मॅक एकाच वर्षी दोन जागांवर पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, निवडला गेला, डिफेन्सिव्ह एंड म्हणून आणि बाहेरचा लाइनबॅकर म्हणूनही. असं आधी कधीच घडलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून त्या यादीत एज रशरसाठी स्वतंत्र जागा आली.

‘आतला तो वाचणारा, बाहेरचा तो झेपावणारा’ असा सोपा नियम मात्र करू नका, कारण त्याच सुपर बोलमध्ये पाठीवर ५८ घेतलेला आणखी एक बाहेरचा लाइनबॅकर खेळत होता. पँथर्सचा थॉमस डेव्हिस. पँथर्सची रचना चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकरची. टोकाचं झेपावण्याचं काम तिथे लाइनमनकडे, म्हणून डेव्हिस ‘बाहेरचा’ असूनही कीकलीच्या शेजारी, मागे उभा राहायचा. पास घ्यायला धावणाऱ्यांना गाठायचा, आडवं पळणाऱ्याला पाडायचा. उजव्या गुडघ्याचा तोच अस्थिबंध तीन वर्षांत तीनदा फाटूनही तो परतला होता, आणि त्या दिवशी तर दोनच आठवड्यांपूर्वी मोडलेला हात पट्ट्यांत बांधून खेळला. त्यामुळे कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा स्नॅपच्या क्षणी माणूस कुठे उभा आहे आणि त्याचं पहिलं पाऊल पुढे पडतं की आडवं, हे बघावं.

आणि शरीर. मिलरसारख्याची झीज गुडघ्यात होते. २०१३च्या डिसेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, २०२२मध्ये पुन्हा गुडघा गेला. दोन्ही वेळा तो परतला. वय वाढलेला एज रशर सगळे प्रयत्न खेळत नाही. तो ठरावीक वेळी, तिसऱ्या प्रयत्नाला ताजा उतरतो आणि आपली झेप विकतो. अशा माणसाला दुसरे संघही हंगामाच्या मध्यावर विकत घेतात. मिलरला २०२१च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने तसंच घेतलं, आणि साडेतीन महिन्यांत त्याने दुसरा सुपर बोल जिंकला. पुढे बफलो आणि २०२५मध्ये वॉशिंग्टन, छत्तिसाव्या वर्षी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात त्याने कुक्कुटपालनाचं शिक्षण घेतलंय आणि कोंबड्या खरोखर पाळल्यात. आपल्या आवडत्या चष्म्यांइतकंच तो त्यांच्याबद्दलही मनापासून बोलतो.

माइकला अशी मधूनमधून विश्रांती नसते. तो जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाला मैदानात, आणि दर वेळी चार-पाच यार्ड धावत येऊन धडक. कीकलीला २०१५मध्ये डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला, तीन सामने हुकले. १७ नोव्हेंबर २०१६च्या रात्री, न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध, पुन्हा. तो जमिनीवर बसलेला, श्वास लागलेला, आणि गालांवरून अश्रू वाहताहेत. गाडीतून बाहेर नेईपर्यंत तो रडतच होता. ते दृश्य मला आजही नीट बघवत नाही. त्या हंगामातले उरलेले सहा सामने त्याने बाहेर काढले. २०१७मध्ये तो गळ्याभोवती एक कडं घालून खेळायला लागला; मानेतल्या शिरांवर हलका दाब देऊन कवटीत मेंदू कमी हिंदकळावा, अशी त्यामागची कल्पना. त्या वर्षीही एकदा डोक्याला लागलंच.

जानेवारी २०२०मध्ये, आठ हंगाम पूर्ण करून, तो थांबला. वय अठ्ठावीस. खेळायची इच्छा अजून आहे, पण खेळणं बरोबर ठरणार नाही, असं त्याने कॅमेऱ्यासमोर अडखळत सांगितलं. तोवर हजाराहून जास्त टॅकल आणि अठरा वेळा मध्येच पकडलेले पास त्याच्या नावावर होते, आणि मिलरकडे असलेला करंडक नव्हता.

२०२२मध्ये कीकली पँथर्सच्या काही सामन्यांसाठी रेडिओ समालोचनात बसायला लागला. तिथे स्नॅपच्या आधी समोरची मांडणी बघून काय होणार ते बोलायचं असतं.