ग्रेट अंदमानी भाषा: वसाहत आली आणि बोलणारी माणसं गेली

अंदमान म्हटलं की आपल्याला काळं पाणी आठवतं, सेल्युलर जेल आठवतो. त्याच कैदी वसाहतीपायी बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं काय झालं, हे मात्र मराठीत फारसं बोललं जात नाही. बोललं जायला हवं.

1857 च्या उठावातल्या कैद्यांसाठी इंग्रजांनी मार्च 1858 मध्ये पोर्ट ब्लेअरला वसाहत वसवली. तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये ग्रेट अंदमानींच्या दहा जमाती होत्या आणि प्रत्येकीची बोली वेगळी. जंगल तुटू लागलं तसे ते लढले. मे 1859 मध्ये पोर्ट ब्लेअरमधल्या ॲबर्डीनच्या लढाईत बंदुकांपुढे धनुष्यबाण हरले. पुढे त्यांना ‘अंदमान होम्स’ या इंग्रजांनी चालवलेल्या वस्त्यांमध्ये आणून ठेवलं गेलं. उपदंश पसरला, 1877 मध्ये गोवराची साथ आली. 1901 च्या जनगणनेत 625 जण उरले होते, 1961 मध्ये 19. लोकांनी भाषा टाकली असं इथे म्हणताच येत नाही. आधी माणसंच मेली.

उरलेल्यांना पुढे स्ट्रेट बेटावर वसवलं. वेगवेगळ्या जमातींची माणसं एकत्र आल्यावर जेरो या त्यांच्यातल्याच एका बोलीच्या आधाराने एक मिश्र बोली तयार झाली, आणि तिचीही जागा हळूहळू हिंदीने घेतली.

भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी 2005 पासून या बोलीचं ध्वनिमुद्रण करत होत्या. त्यांनी उलगडलेलं व्याकरण थक्क करणारं आहे. शरीराचे सात विभाग मानलेले, आणि नाम असो वा क्रियापद, त्याला त्या-त्या विभागाचा उपसर्ग लागतो. रक्त बोटातून आलं की शरीराच्या आत साकळलं, हे उपसर्गावरूनच कळतं. माणसाचं शरीर हाच ज्या व्याकरणाचा पाया, अशी रचना जगात दुर्मीळ आहे.

अब्बींना माहिती देणाऱ्यांमध्ये बोआ सीनियर होत्या, दहापैकी ‘बो’ ही बोली बोलणाऱ्या शेवटच्या. आईवडील गेल्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी त्या भाषेत बोलायला कुणीच नव्हतं. इतरांशी बोलण्यासाठी त्यांना अंदमानी हिंदी शिकावी लागली. आपल्या भाषेत त्या पाखरांशी बोलत. 26 जानेवारी 2010 रोजी त्या गेल्या. ‘खोरा’ बोली बोलणाऱ्या शेवटच्या बोरो त्याआधी दोनच महिने गेल्या होत्या. ‘सारे’ बोली बोलणाऱ्या शेवटच्या लिचो एप्रिल 2020 मध्ये गेल्या.

अब्बींचा कोश आणि 2013 मध्ये आलेलं व्याकरण यांमुळे निदान नोंद तरी राहिली. जमातीतली मुलं आता हिंदीच बोलतात.