टाचेचा सांधा दुर्बिणीतून जाम करतात तेव्हा

घोट्याच्या खाली अजून एक सांधा असतो हे बऱ्याच जणांना तो दुखायला लागेपर्यंत माहीतच नसतं. पाय वर-खाली होतो तो घोट्यातून, पण खडकाळ वाटेवर तळवा आत-बाहेर कलतो तो या सबटेलर सांध्यामुळे. परांचीवरून किंवा झाडावरून माणूस टाचांवर पडला की टाचेचं हाड फुटतं, ते जुळतंही, पण सांध्याचा गुळगुळीतपणा गेलेला असतो, मग पुढे तिथे संधिवात आणि पावलागणिक कळ. गोळ्या, इंजेक्शन, बुटातला सपोर्ट सगळं करून झालं की डॉक्टर म्हणतात फ्यूजन करू, म्हणजे वरचं-खालचं हाड कायमचं जोडून टाकू. हलणारच नाही तर घासणार काय!

आधी यासाठी बाहेरच्या बाजूने चांगला लांब चिरा घ्यायचे, तिथली कातडी पातळ, त्यात जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर जखम भरायची कटकट. १९९० च्या दशकापासून हे दुर्बिणीतून व्हायला लागलं. मागून करायचं असेल तर पेशंटला पालथं झोपवतात, टाचेमागच्या जाड शिरेच्या (रक्ताची शीर नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन) दोन्ही बाजूंना एकेक छोटं भोक, त्यातून साधारण ४ मिलिमीटरचा कॅमेरा. आत सर्जन आधी शोधतो ती अंगठा वाकवणारी शीर. बाहेरून अंगठा हलवायचा, स्क्रीनवर जी सरकते ती तीच, आणि तिच्या आतल्या बाजूला हत्यार न्यायचं नाही, तिकडे तळपायाची मुख्य नस आणि रक्तवाहिनी असते. मग उरलेली कुर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडावरचं गुळगुळीत आवरण, खरवडून काढायची, खालच्या हाडातून रक्त दिसलं पाहिजे, आणि पाट्याला टाकी लावतात तसे त्यावर बारीक खड्डे पाडायचे. शेवटी एक्स-रे बघत टाचेतून वर एक-दोन जाड स्क्रू.

लोकांचा गोंधळ होतो तो इथे. भोक छोटं म्हणजे आठवड्यात चालायचं असं वाटतं, पण फायदा आहे तो कातडीला आणि आसपासच्या रक्तपुरवठ्याला, हाड आपल्याच गतीने जुळतं, त्याला साधारण तीन महिने लागतात आणि त्यातले सुरुवातीचे काही आठवडे पायावर वजन टाकायचं नसतं. जुळल्यावर सपाट रस्त्यावर बरं चालता येतं, शेताच्या बांधावर मात्र पाय अडतो, शिवाय शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका जास्त, म्हणून ती आधीच बंद करायला लावतात, आणि पाय फारच वाकडा झालेला असेल तर बरेच सर्जन दुर्बिणीच्या नादी न लागता सरळ उघडूनच करतात.