फोर्ट सूअर्ड सूअर्डला नाहीये! अलास्का क्रूझवाल्यांसाठी दोन किल्ल्यांचा घोळ

मागच्या आठवड्यात नाशिकहून मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, जहाज हेन्सला दिवसभर थांबतंय, तर तिथून सूअर्डला जाऊन तो फोर्ट सूअर्ड बघून परत येता येईल का?" म्हटलं अरे बाबा, कुठेही जाऊ नकोस, जहाजातून उतर आणि मान वर कर, समोर दिसतोय तोच फोर्ट सूअर्ड. त्याला पटेना. चूक त्याची नाही म्हणा, मी स्वतः पहिल्या वेळी हॉटेल शोधताना भलत्याच गावातलं बुक करणार होतो, कार्डाचा नंबर टाकता टाकता नकाशा बघितला म्हणून वाचलो.

तर घोळ असा. विल्यम सूअर्ड हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, 1867 ला त्यांनी रशियाकडून अलास्का 72 लाख डॉलरला विकत घेतलं, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं आणि पुढे सोनं सापडल्यावर त्यांचं नाव जिथे तिथे दिलं. (उच्चार खरंच सूअर्ड असाच आहे, शेजारी हिंदीवाला असेल तर जपून बोला.) एक गाव 1903 ला वसलं, रेल्वेचं टोक म्हणून, ते सूअर्ड. आणि साधारण त्याच सुमारास हेन्स गावाशेजारी लष्कराची छावणी बांधली, ती फोर्ट विल्यम एच. सूअर्ड. दोन्हींमध्ये रस्त्याने चौदाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि मध्ये कॅनडा लागतो! बरं, सूअर्ड गावाजवळही एक जुना लष्करी किल्ला आहेच, पण त्याचं नाव फोर्ट मॅकगिल्व्रे.

हेन्सचा फोर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर तटबंदी, बुरूज, दरवाजा येतो ना, त्यातलं तिथे काहीही नाही. मधोमध उतरतं मोठं हिरवंगार परेड ग्राउंड आणि कडेने अधिकाऱ्यांची पांढरी लाकडी घरं, व्हरांडेवाली. देवळालीचा किंवा पुण्याचा कॅम्प ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच ओळखीचं वाटेल, ही छावणी आहे, किल्ला नव्हे. बांधली ती सोन्यामागे आलेल्या गर्दीवर वचक ठेवायला आणि कॅनडाशी सीमेवरून चाललेल्या वादात आपलं निशाण दिसावं म्हणून. तो वाद 1903 ला लवादात मिटला, म्हणजे छावणी धड उभी राहीपर्यंत भांडणच संपलं. तरी ती चालू राहिली, 1922 ला नाव बदलून चिल्कूट बॅरॅक्स झालं, आणि 1925 ते 1940 अख्ख्या अलास्कात लष्कराचं चालू ठाणं हे एवढंच. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारला नकोशी झाली तेव्हा 1947 ला युद्धावरून परतलेल्या पाच जणांनी कुटुंबांसकट मिळून चक्क सगळी छावणी विकत घेतली! मला या जागेतलं सगळ्यात आवडलेलं हेच. म्हणून तिथे आजही माणसं राहतात, कुणाच्या व्हरांड्यात कपडे वाळत असतात, कमांडिंग ऑफिसरच्या घराचं हॉटेल झालं, लष्करी बेकरीत आता दारू गाळतात. तेव्हा फोटो काढताना जरा भान ठेवा, कुणाच्या अंगणात उभे असाल. धक्क्यावरून चालत दहा मिनिटं, टूर घ्यायची गरजच नाही, आई-बाबा बरोबर असले तरी सावकाश दोन तासांत होतं.

मॅकगिल्व्रेचं मात्र सगळंच उलट. जून 1942 ला जपान्यांनी अलास्कातल्याच डच हार्बर या बंदरावर बॉम्ब टाकले, अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली, आणि सूअर्डचं बंदर म्हणजे अलास्काच्या आत माल नेणाऱ्या रेल्वेचं तोंड, म्हणून खाडीच्या तोंडाशी केन्स हेडच्या 650 फुटी कड्यावर काँक्रीटचा किल्ला खोदून तोफांची जागा केली. पण 1943 ला व्हिटियरला दुसरं बंदर रेल्वेने जोडलं गेलं, जपानीही किस्का सोडून गेले, आणि 1944 ला सगळं गुंडाळलं. आत अंधाऱ्या खोल्या, बोळ, टपटपणारं पाणी, टॉर्च नसेल तर जाऊच नका, मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका.

आणि तिथे पोचणं हीच खरी भानगड. सूअर्डजवळच्या लोवेल पॉइंटपासून किनाऱ्याने नॉर्थ बीचपर्यंत सात किलोमीटर, पुढे किल्ल्यापर्यंत चढाचे आणखी तीन. किनाऱ्याचा एक टप्पा फक्त ओहोटीत चालता येतो, आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच, फरक एवढा की इथे भरतीत अडकलात तर घोडागाडी येत नाही, पुढच्या ओहोटीपर्यंत तिकडेच. त्यामुळे एका दिवसात करायचं तर वॉटर टॅक्सीने नॉर्थ बीचला उतरायचं आणि वर चढायचं.

आता तिकिटाकडे बघा. सूअर्ड लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते व्हँकूवरहून येणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या क्रूझचं टोक असतं, सामान घेऊन उतरायचं, दिवसभराचा थांबा नव्हे. म्हणजे मॅकगिल्व्रे बघायचाच तर एक रात्र आधी किंवा नंतर गावात काढा. हेन्स हा खरा मधला थांबा. तोही नसेल आणि शेजारचं स्कॅगवे बंदर असेल तरी बिघडत नाही, तिथून फेरी पाऊण तासात हेन्सला आणते, फक्त गाडी भाड्याने घेऊन रस्त्याने निघू नका, पाण्यावरून पंचवीसेक किलोमीटर असलेलं अंतर रस्त्याने पावणेसहाशेच्या आसपास होतं आणि त्यात पुन्हा कॅनडाची बॉर्डर.

मेव्हण्याने शेवटी विचारलं, मग मुलांना कुठला आवडेल? तर मुलांना बोगदे, म्हणजे मॅकगिल्व्रे, पण त्याचं जहाज सूअर्डला जातच नाहीये.