सेलिमिये मशीद, एदिर्ने
तुर्कस्तानातील एदिर्ने शहरातील सोळाव्या शतकातील उस्मानी (ऑटोमन) मशीद. सुलतान दुसरा सेलीम याने ती बांधवून घेतली आणि वास्तुकार सिनान याने ती रचली. काम १५६८च्या सुमारास सुरू झाले. खर्चाचा काही भाग सायप्रसच्या मोहिमेतील लुटीतून आला. मशीद १५७५मध्ये नमाजासाठी खुली झाली, पण ती पाहायला सेलीम उरला नव्हता. डिसेंबर १५७४मध्येच त्याचे निधन झाले होते.

सिनान तेव्हा ऐंशीच्या आसपास होता. इस्तंबूलची शहजादे मशीद ही त्याची उमेदवारी, सुलेमानिये ही कारागिरी आणि सेलिमिये ही उस्तादी, असे त्याने स्वतःच म्हटल्याचे त्याच्या आत्मवृत्तातून कळते. इस्तंबूलच्या प्राचीन आया सोफिया या वास्तूपेक्षा मोठा घुमट बांधल्याचा अभिमानही त्यात आहे. हा दावा मात्र तपासून घ्यावा लागतो: सेलिमियेच्या घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर, म्हणजे आया सोफियाच्या जवळपास तेवढाच, आणि उंची तिच्याहून बरीच कमी, सुमारे ४३ मीटर. सिनानचे खरे यश आकारात नाही, आतील जागेच्या एकसंधपणात आहे. घुमटाचा भार आठ खांबांवर आहे आणि ते भिंतींकडे इतके सरकवले आहेत की नमाजाच्या दालनाचे तुकडे पडत नाहीत. आत कुठेही उभे राहिले तरी संपूर्ण घुमट एका नजरेत येतो. उस्मानी वास्तुकलेत इतकी मोकळी जागा याआधी कोणी साधली नव्हती. मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारी कमान, भिंतीबाहेर काढलेल्या कोनाड्यात आहे. तेथील भिंतींवरच्या, इझनिक गावी बनलेल्या चिनीमातीच्या फरशांवर तीन बाजूंच्या खिडक्यांतून उजेड पडतो. घुमटाच्या बरोबर खाली अजान देणाऱ्या मुअज्जिनांचा संगमरवरी खांबांवरचा चौथरा असून त्याच्या एका खांबावर कोरलेले उलटे ट्यूलिप फूल प्रसिद्ध आहे.

चारही मिनार ७० मीटरहून उंच आहेत. त्यांपैकी दोनांत तीन-तीन स्वतंत्र जिने एकमेकांभोवती वळत जातात; तीन माणसे एकमेकांच्या दृष्टीस न पडता तीन वेगवेगळ्या सज्जांवर पोहोचू शकतात.

भोवतीच्या संकुलात दोन मदरसे आहेत. मशिदीच्या खर्चासाठीची छपराची बाजारपेठ नंतर, सुलतान तिसऱ्या मुरादच्या काळात, जोडली गेली. १८७७-७८च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन सैन्याने काही फरशा काढून नेल्या. १९१३मध्ये बल्गेरियन तोफमाऱ्याने घुमटाला इजा झाली. मशीद व संकुल यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०११मध्ये समावेश झाला.