बघताना कळलं, लिहिताना का अडलं?

भाचा कळव्याला राहतो, कॉलेज कोपरखैरण्याला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली, दाराशी पाठ टेकायला जागा मिळाली की फोन काढायचा आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा व्हिडिओ दुप्पट वेगाने लावायचा, हा त्याचा नेम. घणसोली येईपर्यंत एक धडा हातावेगळा.

रविवारी घरी आला तेव्हा मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "विजेचं बिल काढणारा प्रोग्रॅम लिहून दे. पहिल्या 100 युनिटला एक दर, 101 ते 300 ला दुसरा, त्यापुढे तिसरा. दर मनाने घे." इफ-एल्सचा, म्हणजे 'अमुक असेल तर हे, नाहीतर ते' अशा अटींचा, व्हिडिओ त्याचा दोनदा बघून झाला होता. तरी दहा मिनिटं नुसता कर्सर लुकलुकत होता. "मावशी, अगं बघताना सगळं कळलं होतं!"

तो खोटं बोलत नव्हता. बघताना 'कळलं' असं खरंच वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड झटकन ओढण्याचा व्हिडिओ त्यांनी काहींना एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीसदा बघणाऱ्यांना 'हे मला जमेल' असं जास्त वाटू लागलं. डार्ट फेकणं आणि मूनवॉक ही नाचातली मागे सरकण्याची चाल, या गोष्टी तर बघून झाल्यावर प्रत्यक्ष करायला लावल्या. वीसदा बघणारे एकदा बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. आत्मविश्वास तेवढा वाढला होता.

कोडच्या व्हिडिओत हे जास्तच होतं. शिकवणारा भराभर टाइप करतो, कारण तो विचार आधीच करून बसलेला असतो. ही अट वर का, तो व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर का, हे निर्णय पडद्यावर दिसतच नाहीत; दिसते ती तयार ओळ. लिहिलेली ओळ ओळखणं आणि कोऱ्या पानावर ती आठवून मांडणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओ पहिल्याचाच सराव देतो.

दुप्पट वेगाला मात्र मी दोष देणार नाही. कॅलिफोर्नियातल्या 2021 च्या एका अभ्यासात दुपटीपर्यंत आकलन फारसं घटलं नव्हतं. लांबीचा प्रश्न खरा आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली: व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल दहाएक मिनिटांचे असतात, मराठीतही मिळतात, आणि पद्धत अशी की थोडं बघायचं, थांबवायचं, तेच आपल्या मशीनवर करायचं.

पण नुसतं बघून उतरवणं म्हणजे शुद्धलेखनाची वही. मला जास्त आवडतो तो 2012 चा जॉर्जिया टेकचा प्रयोग. अ‍ॅप बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एका गटाला प्रत्येक टप्प्याला नाव दिलेलं दाखवलं: आता घटक तयार करतोय, आता घटना हाताळतोय. बाकी सगळं सारखंच. नावं बघितलेल्या गटाने पुढची कामं जास्त चांगली केली. पायरीला नाव मिळालं की 'काय टाइप केलं' याच्या जागी 'कशासाठी केलं' हे लक्षात राहतं.

म्हणून भाच्याला दोनच गोष्टी सांगितल्या. शिकवणारा टाइप करण्याआधी थांबव आणि पुढची ओळ काय येईल ते बोल; चुकलास तर उत्तम. आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता तेच पुन्हा लिही. आठवून काढण्याचा ताण हाच सराव असतो. 2006 च्या एका गाजलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे.

त्या रविवारी त्याने शेवटी प्रोग्रॅम लिहिला. 250 युनिटचं बिल भलतंच फुगलं, कारण सगळे 250 दुसऱ्या दराने गुणले होते. पहिले 100 वेगळे काढायचे हे कागदावर स्लॅबच्या रेघा मारल्यावर त्याचं त्यालाच दिसलं. व्हिडिओत ही चूक कुणी केलीच नव्हती.

काल त्याचा मेसेज आला: "250 बरोबर येतंय. बरोब्बर 300 ला गंडतंय. सांगू नकोस."